आधी सावली आखा, मग फरशी

मा. आयुक्त,
बृहन्मुंबई महानगरपालिका, यांस



ऑक्टोबर २०२५ मध्ये हुतात्मा चौकाचं मेट्रो स्थानक सुरू झालं. चर्चगेटहून वीर नरिमन रस्त्याने पूर्वेकडे येणारा लोंढा आणि छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसहून दादाभाई नौरोजी रस्त्याने दक्षिणेकडे येणारा लोंढा या चौकात पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांना मिळत आला आहे. आता जमिनीखालून वर येणारा तिसरा लोंढा त्यांत मिसळतो. एवढी माणसं रोज जिथून जातात, तिथे एखाद्या म्हाताऱ्या माणसाला घटकाभर टेकायचं असेल, कुणाला कुणाची वाट पाहायची असेल, कुणाला दुपारचा डबा उघडायचा असेल, तर त्यांनी कुठे जावं? या प्रश्नाचं उत्तर चौकाच्या रचनेतच असायला हवं, आणि ते तिथे नाही, म्हणून हे पत्र.

माझी विनंती सरळ आहे. मेट्रोच्या कामासाठी हा परिसर वर्षानुवर्षं खोदलेला होता. आता तो पुन्हा बसवताना कारंजं, स्मारक, पदपथ आणि कमानी यांचा वेगवेगळ्या कंत्राटांत विचार करू नये. सगळ्या चौकाची भूरचना एकच काम म्हणून हाती घ्यावी. आणि त्या कामाची पहिली रेघ सावलीची असावी. फरशी कुठली, दिवे कुठले, कठड्याचं नक्षीकाम कसं, हे सगळं त्यानंतर.

या जागेची कुळकथा आपल्याला ठाऊक असेलच, पण रचनेशी तिचा थेट संबंध आहे म्हणून थोडक्यात सांगते. इथे मुंबईच्या किल्ल्याचा चर्चगेट हा दरवाजा होता. गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्या काळात, १८६०च्या दशकात, तटबंदी पाडली गेली आणि शहराला मोकळी जागा मिळाली. १८६४ मध्ये तिथे पोर्टलंड दगडातलं फ्लोरा फाउंटन उभं राहिलं. ते मुळात राणीच्या बागेसाठी घडवलं होतं. म्हणजे बागेतल्या झाडीत शोभावं असं शिल्प रस्त्यांच्या मधोमध आलं. २१ नोव्हेंबर १९५५ रोजी संयुक्त महाराष्ट्राची मागणी घेऊन इथे लोक जमले, त्यांच्यावर गोळीबार झाला आणि पंधरा माणसं गेली. पुढच्या आंदोलनात आणखी माणसं गेली. त्या सगळ्यांचं स्मारक, हातात मशाल धरलेले शेतकरी आणि कामगार, आज कारंज्याच्या शेजारी उभं आहे, आणि चौकाचं नावही त्यांचं आहे.

ज्यांचं हे स्मारक आहे ती माणसं इथे जमली होती. सभा-मोर्च्यांसाठी आता आझाद मैदान नेमून दिलेलं आहे आणि त्यामागची वाहतुकीची, सुरक्षेची कारणं मी नाकारत नाही. पण जमणं म्हणजे फक्त मोर्चा नव्हे. मे महिन्यात शाळेच्या सुटीत कोल्हापूरहून किंवा चंद्रपूरहून आलेलं कुटुंब त्या मशालीसमोर उभं राहून मुलांना संयुक्त महाराष्ट्राची गोष्ट सांगू पाहतं, तेव्हा ती गोष्ट पुरी होईपर्यंत त्यांना तिथे उभं राहता आलं पाहिजे. भर उन्हात, वाहनांच्या आवाजात, ती दोन मिनिटांत उरकली जाते. हुतात्म्यांना अभिवादन करायला वर्षातून दोनदा मांडव घालावा लागतो. बाकीचे दिवस त्या जागेला कायमचा, झाडांचा मांडव का असू नये?

आता उन्हाबद्दल. फोर्टचा अक्षांश सुमारे १९ अंश उत्तर आहे. त्यामुळे १५ मेच्या आसपास आणि पुन्हा जुलैच्या अखेरीस, दुपारी साडेबाराच्या सुमाराला, सूर्य मुंबईच्या बरोबर डोक्यावर येतो. उभ्या खांबाची सावली खांबाच्या पायाशीच गोळा होते. जुलैत ढग असतात, त्यामुळे ते दिवस जाणवत नाहीत. पण एप्रिल आणि मे या दोन महिन्यांत हेच शहराचं वास्तव असतं. उंच इमारतींची सावली सकाळ-संध्याकाळ पडते. जेवणाच्या सुटीत, म्हणजे जेव्हा ऑफिसांतली माणसं खाली उतरतात तेव्हा, ती भिंतीलगतच्या हातभर पट्टीत आक्रसलेली असते. अशा शहरात मोकळ्या चौकाला सावली द्यायची तर ती आडवीच हवी, डोक्यावर पसरलेली. युरोपातल्या चौकांची चित्रं बघून आपण उघडी, विस्तीर्ण फरसबंदी करायला निघतो तेव्हा हा साधा भूगोल विसरला जातो. तिथे माणसं ऊन शोधत बाहेर येतात. आपल्याकडे ऊन चुकवत रस्त्याच्या या कडेने त्या कडेला जातात.

ही गोष्ट मुंबईला पूर्वी कळलेली होती. दादाभाई नौरोजी रस्ता हॉर्नबी रोड होता त्या काळी, १८९६ मध्ये, सरकारने नियम केला की या रस्त्यावरच्या प्रत्येक इमारतीने तळमजल्यावर पादचाऱ्यांसाठी कमानींचा आच्छादित मार्ग ठेवला पाहिजे. इमारतींच्या शैली वेगळ्या, मालक वेगळे, पण चालणाऱ्याच्या डोक्यावरचं छत एकाला एक जोडून. आज सव्वाशेहून अधिक वर्षांनंतरही दुपारी एक वाजता त्या कमानींखाली जाऊन पाहावं. ज्याला जिथे जमेल तिथे माणसं टेकलेली असतात. खांबांच्या जोत्याची कड जेमतेम चार बोटांची, तिच्यावर अर्धवट बसून एका हातात डबा आणि दुसऱ्या हाताने पोळीचा घास. जोत्याचा दगड बसून बसून तेवढ्याच भागात गुळगुळीत झालेला, बाकी खरबरीत. खांबाच्या कडेला पाठ लावून एखादा सुरक्षारक्षक पाच मिनिटांसाठी बूट काढून उभा. त्या कमानी आखणाऱ्यांनी बसण्याचा विचार केला नव्हता, फक्त ऊन आणि पाऊस यांचा केला होता. तेवढ्यावर ती जागा आजतागायत वापरात राहिली. माझं म्हणणं इतकंच आहे की कमानींखाली जे सुख आहे ते कमानी संपतात तिथे, चौकाच्या तोंडाशी, संपू नये. तिथून पुढचं छत झाडांनी धरावं.

झाडं लावू, असं कुणीही म्हणेल. मला काळजी वाटते ती झाडं कशात लावली जातील याची. शहरातल्या फरसबंद जागेत झाड लावायची आपली रीत अशी: फरशी होते, तिच्यात तीन-चार फुटांचा चौकोन सोडला जातो, त्यात रोप उभं राहतं. बाजूच्या फरशीखाली रोलर फिरवून दाबलेला मुरूम आणि खडी असते, त्यात मुळं शिरू शकत नाहीत. म्हणजे झाड जमिनीत लावलेलं दिसतं, पण वाढतं पदपथात पुरलेल्या कुंडीत. झाडाची बहुतेक मुळं वरच्या तीनेक फुटांतच असतात आणि ती फांद्यांच्या घेरापलीकडे आडवी पसरतात. तिथे हवा-पाणी मिळालं नाही की ती फरशीच्या लगेच खालच्या फटीतून वाट काढतात आणि फरशा उचलल्या जातात. मग तक्रार येते, मग मुळं तोडली जातात, आणि पुढच्या पावसाळ्यात वादळी वाऱ्याच्या दिवशी ते झाड कुणाच्या तरी गाडीवर किंवा कुणाच्या तरी अंगावर येतं. पावसाळ्यातल्या प्रत्येक झाडपडीच्या बातमीमागे बुंध्याभोवतीचं काँक्रीट नसतं, पण अनेकींच्या मागे असतं.

फोर्टातल्या एका गल्लीत असं झाड आहे. कधीकाळी त्याच्या बुंध्याभोवती लोखंडी जाळी बसवली होती. खोड जाडावलं, जाळी कुणी काढली नाही. आता जाळीच्या दोन सळया सालीच्या आत गेल्या आहेत. वरून साल ओठासारखी मिटली आहे, मधूनच गंजाची तांबूस रेघ बाहेर आलेली दिसते. खाली काँक्रीट खोडाला टेकलेलं. ते झाड अजून उभं आहे, पालवतंही आहे, पण पालवी दर वर्षी विरळ होत चालली आहे. दिल्लीतल्या झाडांच्या संदर्भात राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्ये बुंध्याभोवतीचं एक मीटर काँक्रीट काढून टाकण्याचे आदेश दिले होते. एक मीटर ही किमान गोष्ट आहे. नव्याने आखायच्या चौकात आपल्याला त्याहून पुष्कळ चांगलं करता येईल.

ते कसं, हेही अवघड नाही. फरशीखाली नुसता दाबलेला मुरूम भरण्याऐवजी मोठी खडी आणि माती यांचं ठरावीक प्रमाणातलं मिश्रण भरता येतं. खडी एकमेकींना टेकून वरचा भार पेलते, तिच्या पोकळ्यांत माती राहते आणि मुळं त्या मातीतून लांबवर जातात. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात १९९०च्या दशकात यावर काम झालं आणि पुढे अनेक देशांतल्या शहरांनी ते वापरलं. एकेका झाडाला एकेक खड्डा देण्याऐवजी पाच-सहा झाडांना मिळून एक लांब चर द्यावा, म्हणजे मुळांना एकमेकांची माती मिळते. वरून माणसं चालतील, खालून मुळं. खर्च सुरुवातीला वाढतो हे खरं. पण उखडलेली फरशी पुन्हा पुन्हा बसवण्याचा खर्च कुणी मोजून झाडांच्या नावावर मांडला, तर हा हिशोब फार वेगळा दिसेल.

इथे एक अडचण आहे आणि ती आधीच समोर ठेवावी. चौकाखाली आता स्थानक आहे. त्याशिवाय पाण्याच्या, मलनिस्सारणाच्या वाहिन्या, विजेच्या आणि दूरसंचाराच्या तारा. म्हणून आराखड्याआधी जमिनीखालचा नकाशा तयार व्हावा: स्थानकाचं छत कुठे आहे, त्याच्यावर किती माती आहे आणि खरी, खोल जमीन कुठे उरली आहे. झाडांच्या जागा या नकाशावरून ठराव्यात, कागदावर सरळ रेषेत शोभतात म्हणून नव्हे. झाडं वाकड्यातिकड्या जागी आली तरी चालतील. जिथे खोली नाही तिथे झाडाचा हट्ट धरून कुंड्या मांडू नयेत. तिथे वेलींचा मांडव किंवा हलकं छप्पर करावं.

कुठली झाडं, यावर वनस्पतिशास्त्र जाणणारी माणसं माझ्यापेक्षा नेमकं सांगतील. तरी एक-दोन गोष्टींचा आग्रह धरते. बाटलीपाम नको. तो वाढतो लवकर, फोटोत ताठ दिसतो, आणि त्याच्या सावलीत एक माणूसही धड उभा राहत नाही. बहावा मला प्राणाहून प्रिय, पण तो फुलतो त्याच सुमारास पानं गाळतो, म्हणजे ऐन एप्रिल-मेमध्ये त्याच्याखाली ऊन असतं. तो कडेला शोभेल, बसायच्या जागेवर नको. करंज फाल्गुन-चैत्रात थोडे दिवस पानं टाकतो आणि लगेच लसलशीत पालवीने भरतो, उन्हाळ्यात दाट असतो, साचलेलं पाणीही सोसतो. ताम्हण आपल्या राज्याचं फूल, महाराष्ट्राच्या स्मृतीच्या चौकात ते असायलाच हवं, आणि ओल्या जमिनीत ते चांगलं वाढतं. उंडी हे तर समुद्रकाठचंच झाड, खारा वारा सोसणारं, वर्षभर हिरवं. वडाचा मोह होईल, पण कारंज्याच्या आणि जुन्या इमारतींच्या दगडी बांधकामाजवळ वड नको. त्याची मुळं चिऱ्यांच्या सांध्यांत शिरतात. आणि सगळा चौक एकाच जातीचा करू नये. पर्जन्यवृक्षाने मुंबईला किती सावली दिली, आणि मागच्या दशकात पिठ्या ढेकणाची कीड पडल्यावर त्यातले किती वृक्ष उभ्या उभ्या वाळले, हे आपण पाहिलं आहे.

वारसा जपणाऱ्यांची एक हरकत येईल, की झाडांमुळे कारंजं आणि भोवतीच्या इमारती झाकल्या जातील. हरकत गंभीर आहे, कारण २०१९ मध्ये जीर्णोद्धार होऊन कारंजं पुन्हा वाहू लागलं, त्यामागे कुशल हातांची मेहनत आहे. पण माणसाची नजर जमिनीपासून पाच फुटांवर असते. झाड लहान असल्यापासून खालच्या फांद्या शिस्तीने काढत नेल्या आणि पर्णसंभार बारा-पंधरा फुटांवर सुरू झाला, तर त्याच्याखालून सगळं दिसतं. किंबहुना सावलीत उभं राहून उन्हातलं शिल्प जास्त स्पष्ट दिसतं. उन्हात उभं राहिलेला माणूस डोळे किलकिले करून एक फोटो घेतो आणि निघून जातो. कारंज्याच्या पूर्व-पश्चिम अक्षावर दृष्टी मोकळी ठेवावी, झाडं बाजूंना घ्यावीत. एवढी तडजोड कुठलाही चांगला भूरचनाकार करील.

फरशीबद्दल फार लिहीत नाही. चकचकीत ग्रॅनाइट नको, पावसात त्यावर माणसं घसरतात. मुंबईच्या पोटातला काळा पाषाण, टाकी मारून खरबरीत केलेला, हा या शहराचा दगड आहे. मात्र तो काळा असल्याने उन्हात तापतो, म्हणजे पुन्हा गाडी सावलीवरच येते. तो काँक्रीटच्या थरावर सिमेंटने चिकटवू नये, वाळूवर बसवावा आणि सांधे उघडे ठेवावेत, म्हणजे उद्या तार टाकायला दगड उचलला तर तोच दगड परत बसेल. मुंबईत वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत पडतो. उतार झाडांच्या चरांकडे द्यावा, जादा पाणी तिथून गटारात जावं. चरांनी जुलैतला धोधो पाऊस जिरेल असा दावा मी करणार नाही, पण जूनच्या पहिल्या सरी आणि सप्टेंबरातल्या तुरळक सरी झाडांना मिळाल्या तरी पुष्कळ. आणि पदपथापासून चौकापर्यंत एकही पायरी नको. चाकाच्या खुर्चीतला माणूस, काठी टेकणारा माणूस, हातगाडी ओढणारा माणूस, तिघांची सोय एकाच सपाटीने होते.

बसण्याची जागा मात्र सविस्तर बोलण्यासारखी आहे. न्यूयॉर्कमध्ये विल्यम व्हाइट नावाच्या अभ्यासकाने १९७०च्या दशकात शहरातल्या मोकळ्या जागांवर कॅमेरे लावून माणसं काय करतात ते तासन्‌तास पाहिलं. काही चौक भरलेले आणि काही ओस का, याची कारणं शोधताना त्याला कळलं की जागेचा आकार आणि सौंदर्य यांपेक्षा तिथे बसायला किती जागा आहे याचा फरक जास्त पडतो. त्याच्या कामामुळे १९७५ मध्ये त्या शहराच्या नियमावलीत तरतूद आली: दर तीस चौरस फूट मोकळ्या जागेमागे किमान एक फूट लांबीची बसण्याची कड. हाच हिशोब लावला तर दहा हजार चौरस फुटांच्या मोकळ्या जागेला सुमारे ३३० फूट बैठक लागते. आपल्या चौकांच्या आराखड्यांत ‘बाक : ६ नग’ असं लिहिलेलं असतं.

आणि बाक हवेतच कशाला? आपल्याकडे याहून चांगली गोष्ट आहे. शिवाजी पार्कचा कट्टा पाहा. त्याला पाठ नाही, हात नाही, मध्ये विभागणी नाही. एकटा माणूस बसतो, दोघं बसतात, दहा जणांचं टोळकं बसतं. कुणी मैदानाकडे तोंड करतं, कुणी रस्त्याकडे. पहाटे चालायला येणारे आजोबा आणि रात्री उशिरा गप्पा मारणारी पोरं यांना एकच कट्टा पुरतो. मरीन ड्राइव्हचा कठडाही तसाच. आणि गावात तर झाड आणि बैठक कधी वेगळी नव्हतीच, झाडाभोवती पार असायचा. हुतात्मा चौकात झाडांच्या लांब चरांना दगडी कड द्यावी, दीड फूट उंचीची आणि अडीच फूट रुंदीची, म्हणजे दोन्ही बाजूंनी पाठीला पाठ लावून माणसं बसू शकतील. काही भागाला पाठ आणि हात अवश्य द्यावेत, कारण गुडघे धरलेल्या माणसाला उठताना आधार लागतो. पण कुणी झोपू नये म्हणून कडेवर लोखंडी काटे, तिरके दगड किंवा मध्येच दांडे लावू नयेत. झोपणाऱ्याला त्रास देण्याकरता केलेली जागा बसणाऱ्यालाही त्रास देते.

या संदर्भात चार्ल्स कोरिया यांचं एक जुनं काम आठवतं. १९६८ मध्ये त्यांनी मुंबईच्या पदपथांसाठी एक योजना सुचवली होती: पदपथालगत लांबट ओटे बांधावेत, दिवसा त्यावर फेरीवाल्यांनी माल मांडावा, संध्याकाळी नळ सोडून ओटे धुवावेत आणि रात्री ज्यांना घर नाही त्यांनी त्यावर झोपावं. एकच ओटा, दिवसभरात तीन कामं. ती योजना शहरभर कधी उभी राहिली नाही. पण फोर्टात नेमकी कोण माणसं आहेत आणि ती नेमकं काय करतात, हे तिच्यात पाहिलेलं आहे. पथविक्रेत्यांचा कायदा २०१४ मध्ये झाला, त्याला दशक उलटून गेलं. विक्रेते शहराचा भाग आहेत हे त्या कायद्याने मान्य केलं आहे. मग चौकाच्या आराखड्यातच त्यांची जागा हवी. फाउंटनच्या पदपथावरच्या जुन्या पुस्तकांच्या ढिगांतून या शहरातल्या किती माणसांनी आपली ग्रंथालयं उभी केली! मीही त्यांतली एक. त्या विक्रेत्यांना झाडाखाली ओळीने ओटे, पावसासाठी गुंडाळता येणारं छत आणि रात्री पेट्या कुलूपबंद ठेवायला जागा दिली, तर चौकाला संध्याकाळी आठनंतरही माणसांची वर्दळ राहील. दिव्यांच्या माळांपेक्षा अशा वर्दळीने बाईमाणसाला जास्त निर्धास्त वाटतं. त्याच्या जोडीला पिण्याच्या पाण्याचा नळ हवा. जवळच मिंट रोडवर रतनसी मुळजी यांनी १८९४ मध्ये बांधलेली देखणी प्याऊ आहे, त्या परंपरेतलं काहीतरी इथेही व्हावं. आणि स्वच्छतागृह हवं, बायकांसाठी विनामूल्य, चौकातून चार पावलांवर, कुठल्यातरी मागच्या गल्लीत नव्हे. ‘राइट टू पी’ चळवळीतल्या कार्यकर्त्या हे २०११ पासून सांगत आहेत.

वाहनांचा प्रश्न शिल्लक राहतो. पॅरिसमध्ये प्लास द ला रेपुब्लिक नावाचा चौक आहे. मधोमध प्रजासत्ताकाचा मोठा पुतळा, आंदोलनांची जुनी परंपरा, आणि सभोवती चारी बाजूंनी गाड्यांचा फेरा. पुतळ्यापर्यंत पोचणंही कष्टाचं. २०१३ मध्ये तिथली रचना बदलली. एका बाजूची वाहतूक बंद करून पुतळ्याची जागा त्या बाजूच्या पदपथाला जोडून घेतली. जानेवारी २०१५ मध्ये ‘शार्ली एब्दो’ या साप्ताहिकाच्या कार्यालयावर हल्ला झाला, त्या संध्याकाळी पॅरिसची माणसं कुणी न बोलावता याच चौकात गोळा झाली. हुतात्मा चौकातही कुठली तरी एक बाजू अशी पदपथाला जोडता येईल का, याचा वाहतूक पोलिसांसह अभ्यास व्हावा. आधी काही रविवार, मग काही महिने, साध्या कुंड्या आणि रंगाच्या पट्ट्या वापरून करून पाहावं. मेट्रो आल्यावर तरी गाड्यांची जागा थोडी कमी करायला आपण कचरू नये.

शेवटी कामाच्या पद्धतीबद्दल. आराखडा मंजूर होण्याआधी तो चौकातच, माणसाच्या उंचीला, मराठीत लावावा, आणि महिनाभर तिथे रोज जाणाऱ्या माणसांकडून सूचना घ्याव्यात. निविदेत झाडांची ‘संख्या’ लिहू नये. प्रत्येक झाडाला किती घनमीटर माती मिळणार आणि पाच वर्षांनी किती चौरस मीटर सावली उभी असायला हवी, ते लिहावं, आणि देखभालीचे पैसे तेवढ्या वर्षांत हप्त्याहप्त्याने द्यावेत. माती भरल्यावर आणि फरशी बसवण्याआधी प्रत्येक चराची उद्यान विभागाने पाहणी करावी, कारण एकदा दगड बसला की आत काय भरलं हे कुणालाच दिसत नाही. रोपं मृगाच्या पावसात लावायची तर चर एप्रिलअखेर खणून तयार हवेत, म्हणजे जमिनीखालचा नकाशा दिवाळीपर्यंत हातात यायला हवा. तो नकाशा तयार करण्याचे आदेश आपण या महिन्यात द्यावेत, एवढीच माझी तातडीची मागणी आहे.

आपली नम्र,
फोर्टात रोज कामाला येणारी एक मुंबईकर